एका झाडावर दोन नजरा

वाचकहो, या महिन्यात आपण बरेच लांब जाणार आहोत. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि पनामा यांच्या मधे कोस्टा रिका नावाचा एक छोटासा देश आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, ग्वानाकास्ते प्रांतात, सांता रोसा नावाचे राखीव जंगल आहे. पावसाळ्यात हिरवेगार आणि कोरड्या ऋतूत पानगळ होऊन उघडेबोडके, असे हे जंगल. आपल्याकडच्या सागाच्या रानाची आठवण करून देणारे. तिथे पांढऱ्या तोंडाची, काळ्या अंगाची कॅपुचिन माकडे राहतात.

१९८३ साली लिंडा फेडिगन या संशोधिकेने इथल्या माकडांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे पिढ्यानपिढ्या चालू राहिला. पिढ्या संशोधकांच्याही आणि माकडांच्याही! कळपातले प्रत्येक माकड चेहऱ्यावरून ओळखायचे, कोण कोणाचे पिल्लू याची वही ठेवायची, कोण काय खाते ते दिवसभर मागे फिरून टिपायचे, असे हे चिकाटीचे काम.

या कामाचा एक भाग ऐकून घरातली मुले नक्की हसतील. माकडाने झाडावरून विष्ठा टाकली की संशोधक ती लगबगीने नळीत भरून घेतात. कारण साधे आहे. विष्ठेबरोबर आतड्याच्या काही पेशी बाहेर पडतात, आणि प्रत्येक पेशीत त्या प्राण्याचा डीएनए असतो. तो प्रयोगशाळेत वाचला की या माकडाच्या डोळ्याला कोणते रंग ओळखता येतात ते कळते. माकडाला पकडायला नको, बेशुद्ध करायला नको, टोचायला नको.

अशा तपासणीतून जे समोर आले ते नवलाचे होते. एकाच कळपातल्या, एकाच फांदीवर बसलेल्या माकडांना जग एकसारखे दिसत नाही. कळपातल्या सगळ्या नरांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. माद्यांपैकी काहींना तो कळतो, काहींना कळत नाही. आईला दिसणारा रंग लेकाला दिसत नाही, आणि दोन सख्ख्या बहिणींचीही नजर वेगळी असू शकते.

मग यातली चांगली नजर कोणती? आपल्यापैकी बहुतेक जण पटकन म्हणतील, जास्त रंग दिसतात ती. सांता रोसाच्या जंगलाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही.

रंग कळतो कसा?

आधी थोडे डोळ्याविषयी. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर लाखो शंकूपेशी असतात. प्रत्येक शंकूपेशीत प्रकाश टिपणारे एक प्रथिन असते. कोणते प्रथिन आहे त्यावर ती पेशी कोणत्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देईल ते ठरते.

एकाच प्रकारच्या शंकूपेशी असतील तर रंग कळत नाही. ती पेशी मेंदूला एवढेच सांगू शकते, की प्रकाश जास्त आहे किंवा कमी आहे. तो लाल आहे म्हणून कमी टिपला गेला, की हिरवाच पण मंद आहे म्हणून, हे तिला सांगता येत नाही. दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी असल्या की मेंदू दोघींची साक्ष ताडून पाहतो. एक म्हणते “खूप”, दुसरी म्हणते “थोडा”, आणि या फरकातून रंग उमटतो. म्हणजे रंग हा एका साक्षीदारावर ठरत नाही. त्याला किमान दोन लागतात.

माणसाला साधारणपणे तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. एक निळ्या बाजूच्या प्रकाशासाठी, एक हिरव्या बाजूच्या आणि एक लालसर बाजूच्या. त्यामुळे हिरव्या पानांत लपलेले लाल करवंद आपल्या नजरेत लगेच भरते. दोनच प्रकारच्या शंकूपेशी असल्या तर जग काळे-पांढरे होत नाही. निळा आणि पिवळा व्यवस्थित ओळखता येतो. मात्र लाल, हिरवा, तपकिरी हे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. सोयीसाठी आपण पहिलीला तीनरंगी नजर आणि दुसरीला दोनरंगी नजर म्हणू.

बांगड्यांचा हिशेब

आता हा फरक कुठून येतो ते पाहू. निळ्या बाजूचे प्रथिन बनवणारे जनुक कॅपुचिनच्या नर-मादी सगळ्यांत असते. त्याबद्दल वाद नाही. सगळा खेळ दुसऱ्या जनुकाचा आहे, आणि ते एक्स नावाच्या गुणसूत्रावर बसलेले आहे. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून. नराकडे एकच एक्स असते आणि ते नेहमी आईकडून येते.

कॅपुचिन माकडांत या जनुकाला एक्सवर एकच जागा आहे, पण त्या जागेवर तीनपैकी कोणताही एक नमुना असू शकतो. हे तीन नमुने जवळजवळ सारखेच असतात. साडेतीनशेहून अधिक दुव्यांच्या साखळीतले मोजके दोन-तीन दुवे तेवढे बदललेले. पण तेवढ्याने प्रथिनाचा कल बदलतो. एक सुमारे ५३० नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते, दुसरे ५६० च्या आसपास, पिवळसर बाजूला, आणि तिसरे या दोघांच्या मधे.

हे समजायला बांगड्या घ्या. लाल, पिवळी आणि हिरवी असे बांगड्यांचे तीन रंग आहेत. माकडिणीच्या दोन्ही हातांत एकेक बांगडी आहे. नराकडे मात्र एकच. नराची बांगडी कोणत्याही रंगाची असो, ती एक आणि निळे जनुक धरून त्याच्याकडे दोनच साक्षीदार होतात. म्हणून प्रत्येक नर दोनरंगी. माकडिणीच्या दोन्ही बांगड्या एकाच रंगाच्या असतील तर तीही दोनरंगी. बांगड्या दोन वेगळ्या रंगांच्या असतील तर मात्र तिच्याकडे तीन साक्षीदार झाले आणि ती तीनरंगी.

इथे जाणकार वाचक विचारतील, दोन्ही जनुके एकाच पेशीत एकदम काम करू लागली तर साक्षीचा घोळ होणार नाही का? नाही होत. १९६१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी दाखवून दिले, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक निजलेले राहते. कोणते निजेल ते पेशीगणिक वेगळे. त्यामुळे माकडिणीच्या काही शंकूपेशींत आईकडची बांगडी काम करते आणि शेजारच्या काहींत बापाकडची. दोन प्रकार आपोआप तयार होतात.

मुलांसाठी थोडे गणित. तिन्ही नमुने कळपात सारख्याच प्रमाणात आहेत असे धरा. मग दोन हातांच्या बांगड्यांच्या ३ × ३ = ९ जोड्या होतात. त्यातल्या ३ जोड्या एकाच रंगाच्या आणि ६ वेगवेगळ्या. म्हणजे दर तीन माद्यांपैकी दोन तीनरंगी, एक दोनरंगी. नरांत तीनरंगी शून्य.

अमेरिका खंडातल्या दिवसा हिंडणाऱ्या बहुतेक माकडांत हीच व्यवस्था आहे. पण अपवादही आहेत. सांता रोसातच मोठ्याने ओरडणारी हाऊलर माकडे राहतात. त्यांच्या एकाच एक्सवर दोन वेगळी जनुके शेजारी शेजारी असतात, त्यामुळे नर-मादी सगळे तीनरंगी. याउलट दक्षिण अमेरिकेतल्या रात्री जागणाऱ्या घुबड-माकडांत निळे जनुकही निकामी झालेले असते, त्यामुळे त्यांना रंगच कळत नाहीत. आशिया आणि आफ्रिकेतल्या माकडांची गोष्ट हाऊलरसारखी आहे. आपल्या घाटातले लाल तोंडाचे माकड आणि कौलांवर उड्या मारणारे काळ्या तोंडाचे वानर, दोघांच्याही एक्सवर शेजारी शेजारी दोन जनुके असतात. माणसातही तसेच.

फळ कोणाच्या हाती लवकर लागते?

तीनरंगी नजरेचा फायदा काय, याचे जुने उत्तर होते पिकलेले फळ. हिरव्या पानांत लाल-नारिंगी फळ पटकन दिसावे म्हणून ही नजर कामाची, असे शास्त्रज्ञ मानत. पिंजऱ्यातल्या माकडांवरच्या प्रयोगांत ते दिसलेही. पण पिंजरा वेगळा आणि रान वेगळे.

सांता रोसातल्याच स्पायडर माकडांवर जपानी संशोधकांनी काम केले. त्यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारा होता. जवळून फळे शोधताना तीनरंगी माकडे दोनरंगींपेक्षा सरस ठरली नाहीत. फळ आणि पान यांच्या उजळपणातला फरक माकडांना जास्त उपयोगी पडत होता, आणि तो तर दोघांनाही दिसतो.

मग खरे काय? थोड्या माकडांवर थोडे दिवस नजर ठेवून याचा निकाल लागणार नव्हता. झाडाझाडाचे फळ वेगळे, आणि लहान माकडाचा खाण्याचा वेग मोठ्यापेक्षा वेगळा. म्हणून अमांडा मेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅपुचिनांचा मोठा हिशेब मांडला. १४ महिने, ओळखीची ७२ माकडे, २७ जातींची झाडे, आणि फळ खाण्याच्या १९,०४३ नोंदी! २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झाडाची जात आणि माकडाचे वय यांचा परिणाम वगळून पाहिले तेव्हा असे दिसले, की ज्या फळांचा रंग पानांतून उठून दिसतो ती फळे तीनरंगी माकडे दोनरंगींपेक्षा अधिक वेगाने खातात. नर की मादी याने फरक पडला नाही. फरक पडला तो नजरेने.

तेव्हा जुने उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. कारण रानातली सगळी फळे पिकल्यावर लाल होत नाहीत. अंजिराच्या कुळातल्या काही झाडांची फळे पिकली तरी हिरवीच राहतात. अशा फळांपुढे रंग मुकाच. माकडे ती फळे जास्त वेळा नाकाशी धरून हुंगतात आणि मग खायचे की टाकायचे ते ठरवतात. बाजारात खरबूज घेताना आपणही तेच करतो.

किडा कोणाच्या हाती लवकर लागतो?

कॅपुचिन काही फक्त फळांवर जगत नाही. दिवसाचा बराच वेळ ते किडे शोधण्यात घालवते. फळाला आपण दिसावे असे वाटते, कारण खाणारा त्याच्या बिया दूर नेऊन टाकतो. किड्याला मात्र आपण दिसू नये असेच वाटते. पानासारखा नाकतोडा, फांदीच्या काटकीसारखी अळी, सालीच्या रंगाचा भुंगा, सगळे जण आजूबाजूच्या रंगात मिसळून बसलेले असतात.

मेलिन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली याच जंगलातल्या कॅपुचिनांबद्दल लिहिले, की पानांवर, फांद्यांवर उघड्यावर बसलेले पण रंगाने लपलेले किडे पकडण्यात दोनरंगी माकडे अधिक तरबेज असतात. झाडाच्या दाट सावलीत, प्रकाश कमी असताना, हा फरक अधिक ठळक होता. ज्यांना आपण सहज “कमी दिसणारी” म्हटले असते, ती इथे पुढे निघाली.

हे कसे? रंग मदत करतो तसा तो फसवतोही. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या गर्दीत तीनरंगी नजर रंगांच्या मागे धावते. दोनरंगी नजरेला ती गर्दी जवळजवळ एकाच रंगाची दिसते, त्यामुळे आकार, कड आणि पोत तिच्या आधी लक्षात येतात. पानाच्या शिरा एका दिशेला आणि किड्याच्या अंगावरच्या रेषा दुसऱ्या दिशेला, हे तिला चटकन कळते. माणसांवरही असा प्रयोग झाला आहे. १९९२ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी लाल-हिरव्या तुकड्यांच्या पसाऱ्यात एक नक्षी लपवली. नेहमीची नजर असलेल्यांना ती सापडली नाही, पण लाल-हिरव्याचे रंगांधळेपण असलेल्यांनी ती ओळखली.

शेवटी कोण जिंकले?

एक फळात पुढे, दुसरे किड्यात पुढे. पण रानात खरा निकाल लागतो तो पिल्ले किती झाली आणि किती जगली यावर. तीनरंगी माद्यांना जास्त पिल्ले होत असतील, ती जास्त जगत असतील, असा एक तर्क होता. तो तपासायला लांबचा हिशेब हवा होता, आणि सांता रोसाच्या वह्यांत तो होता. फेडिगन आणि सहकाऱ्यांनी २६ वर्षांच्या नोंदी तपासून २०१४ साली निकाल दिला. तीनरंगी आणि दोनरंगी माद्यांच्या पिल्लांच्या जन्मात किंवा जगण्यात फरक आढळला नाही.

मला या साऱ्या संशोधनात हा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो. जनुकाचे तिन्ही नमुने या माकडांत टिकून आहेत. एकाने दुसऱ्याला हाकलून दिले नाही. लाल फळांच्या हंगामात एका नजरेचे पोट लवकर भरते, सावलीतले किडे शोधताना दुसऱ्या नजरेचे, आणि दोघींचीही पिल्ले मोठी होतात. शास्त्रज्ञ याला समतोल राखणारी निवड म्हणतात.

आपल्या घरातली दोनरंगी नजर

माणसात लाल-हिरव्याचे रंगांधळेपण याच एक्स गुणसूत्रावरून चालत येते. फरक एवढाच, की आपल्या एक्सवर दोन्ही जनुके शेजारी असतात आणि त्यातले एक गळले किंवा बदलले तर हा प्रकार होतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर १०० मागे सुमारे ८ जणांत तो दिसतो, स्त्रियांत २०० मागे साधारण एकीत. बहुतेकांत तो सौम्य असतो. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन स्वतः असे होते आणि त्यांचा भाऊही. डाल्टन यांनी १७९४ साली आपल्याच नजरेवर व्याख्यान दिले होते. त्यांचा जपून ठेवलेला डोळा तपासून १९९५ साली त्यातले जनुक वाचले गेले. हिरव्या बाजूचे प्रथिन बनवणारे जनुक त्यात नव्हते.

आपल्या घरांत मात्र अशा वेळी दोन गोष्टी घडतात, आणि दोन्ही थांबायला हव्यात.

पहिली, मुलाला बोल लावणे. चित्रात झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवली म्हणून वर्गात हसू होते. नकाशातला हिरवा प्रदेश दाखव म्हटले की मुलगा गोंधळतो आणि आपण त्याला धांदरट ठरवतो. तो धांदरट नाही. त्याच्या डोळ्यात एक साक्षीदार कमी आहे. रंगपेटीतल्या खडूंवर रंगांची नावे लिहून द्या, नकाशात रंगाबरोबर रेघा-ठिपके वापरा, एवढ्याने त्याचे बरेचसे काम भागते.

दुसरी, आईला बोल लावणे. मुलाचे एक्स आईकडून येते हे खरे. पण आईला ते तिच्या अब्बांकडून किंवा अम्मीकडून आलेले असते. म्हणून बऱ्याच घरांत नाना आणि नातू, किंवा मामू आणि भाचा दोघेही रंगांधळे निघतात आणि मधल्या बाईला सगळे रंग व्यवस्थित दिसत असतात. कोणते एक्स मुलाला जाईल हे नाणे उडवल्यासारखे असते. ते कोणाच्या हातात नसते, मग कसूर कसली?

तपासणी मात्र वेळेवर करून घ्या. ठिपक्यांमधले अंक ओळखायची साधी चाचणी नेत्रतज्ज्ञांकडे काही मिनिटांत होते. जपानी डॉक्टर इशिहारा यांची ही पद्धत १९१७ पासून चालत आली आहे. रेल्वेचालक, वैमानिक अशा काही नोकऱ्यांत रंगदृष्टीची अट असते. बारावीनंतर, फॉर्म भरताना ती कळून धक्का बसण्यापेक्षा आठवीत कळलेली बरी. बाकीचे दरवाजे हळूहळू उघडत आहेत. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना वाहन चालवण्याचा परवाना मिळण्याची वाट मोकळी केली. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने रंगांधळेपणामुळे एका तरुणाला प्रवेश नाकारला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने, अशा उमेदवारांना अभ्यासक्रमांची दारे बंद ठेवू नयेत, असे संस्थेला सांगितले.

पुढच्या वेळी घरातला एखादा मुलगा लाल आणि हिरव्या मिरचीत गोंधळला, तर त्याला सांता रोसाची गोष्ट सांगा. त्याच्यासारख्याच नजरेची माकडे तिथे रोज सावलीतले किडे इतरांच्या आधी शोधतात.

मुलांसाठी सोडवायला

माकडिणीकडे एक लाल आणि एक हिरवी बांगडी आहे. नराकडे एक हिरवी आहे. त्यांना पुष्कळ पिल्ले झाली. माद्या पिल्लांपैकी साधारण किती तीनरंगी असतील? आणि नर पिल्लांपैकी? कागदावर जोड्या मांडून पाहा आणि मगच खालचे उत्तर वाचा.

उत्तर: प्रत्येक मादी पिल्लाला बापाकडून हिरवी बांगडी मिळणारच. आईकडून लाल मिळाली तर ते तीनरंगी, हिरवी मिळाली तर दोनरंगी. म्हणजे साधारण निम्मी तीनरंगी. नर पिल्लाला आईकडून एकच बांगडी मिळते, लाल किंवा हिरवी. म्हणून सगळे नर दोनरंगी.